दीर्घ आजारात चित्रपट आणि निसर्गातील नवल : बडोद्यातील एका घरातून

मला आमवात होऊन यंदा अकरा वर्षे झाली. सकाळी जाग आल्यावर बोटे मिटायला तास-दीड तास लागतो, दुपारी शरीर जरा सैल होते आणि संध्याकाळी कधी कधी इतका थकवा येतो की समोरच्याचे बोलणे कानावर पडते, पण मनात उतरत नाही. आजाराच्या पहिल्या दोन वर्षांत मी दोन आवडी सोडून दिल्या होत्या : चित्रपट पाहण्याची, आणि नदीकाठी, बागेत हिंडून झाडे, पक्षी, किडे न्याहाळण्याची. तीन तास एका जागी बसवत नव्हते आणि कमाटीबागेची एक फेरीही पुरी होत नव्हती. म्हणून या दोन्ही गोष्टी आता आपल्या नव्हेत, असे मी ठरवून टाकले होते. पूर्वीच्या शरीराचे माप आताच्या शरीराला लावत होते, हे लक्षात यायला बराच काळ गेला. पुढे हळूहळू जी पद्धत बसत गेली, ती येथे क्रमाने लिहिते आहे. आमवाताखेरीज मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे जुने दुखणे असणाऱ्यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडेल. औषधांच्या वेळा आणि मात्रा मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.

पहिली पायरी : दोन आठवड्यांची वही

काहीही आखण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. दर दोन तासांनी तीनच गोष्टी लिहाव्यात : वेदना किती, थकवा किती, आणि मन एकाग्र होते की नाही. पहिल्या दोन गोष्टींना शून्य ते दहा असे गुण द्यावेत आणि तिसऱ्यापुढे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहावे. बोटे दुखत असतील तर घरातल्या कोणाला तरी सांगून लिहून घ्यावे, किंवा मोबाइलमध्ये बोलून ठेवावे. चौदा दिवसांनी पाने उलटली की आजाराला स्वतःचे एक वेळापत्रक असते, हे स्पष्ट दिसू लागते. माझ्या वहीत सकाळी अकरा ते एक आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच हे दोन तुकडे सातत्याने बरे निघाले. आमवातावरच्या मेथोट्रेक्झेट या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती मी शनिवारी रात्री घेते आणि रविवारचा दिवस मळमळीत जातो, हे मला ठाऊक होते. पण सोमवारी दुपारपर्यंत मनही मंद असते, हे वहीनेच सांगितले. तेव्हापासून नवा, गुंतागुंतीचा चित्रपट मी सोमवारी लावत नाही.

या वहीतून आणखी एक हिशेब काढावा. ज्या दिवशी बरे वाटते, त्या दिवशी आपण हमखास जास्त करतो आणि त्याची भरपाई पुढचे दोन दिवस करावी लागते. जेवढे जमेल असे वाटते, त्याच्या निम्मेच करायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तो पाळणे जड जाते, विशेषतः हिवाळ्यातल्या छान सकाळी, पण त्याखेरीज पुढची एकही पायरी टिकत नाही.

दुसरी पायरी : बसण्याची जागा

खुर्ची अशी हवी की पाय जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकतील, गुडघे कमरेच्या पातळीला राहतील आणि दोन्ही हातांखाली उशी घेता येईल. मोबाइल किंवा टॅबलेट हातात धरून चित्रपट पाहू नये. मनगटाचे सांधे त्याने फार लवकर सुजतात. स्वयंपाकघरातला पुस्तक ठेवायचा लाकडी घोडा किंवा शंभर-दोनशे रुपयांचा स्टँड पुरतो. रिमोटची बारीक बटणे दाबवत नसतील तर बहुतेक नव्या टीव्ही संचांना बोलून आज्ञा देता येते. ती सोय घरातल्या मुलांकडून एकदा नीट लावून घ्यावी. माझ्यासारखे ज्यांचे जबड्याचे सांधेही दुखतात, त्यांना कानात घालायचे किंवा कानांवर दाबून बसणारे यंत्र त्रास देते. त्यापेक्षा छोटा स्पीकर खुर्चीजवळ ठेवून आवाज कमी ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही खुर्ची खिडकीपाशी हवी. पडद्यावर उजेड पडून चित्र फिके दिसणार नाही इतकी ती तिरकी ठेवावी, पण मान वळवली की बाहेरचे दिसले पाहिजे. याचे कारण पुढच्या पायरीत येते.

तिसरी पायरी : चित्रपट तुकड्यांत पाहणे

चित्रपट एका बैठकीत पाहिला तरच तो पाहिला, असे मानणाऱ्यांपैकी मीही होते. आता दोन तासांचा चित्रपट मी तीन दिवसांत पाहते आणि त्याने तो कमी झाला असे मला वाटत नाही. चाळीस मिनिटे ही माझी मर्यादा आहे. तुमची वेगळी असेल. जिथे प्रसंग संपतो तिथे थांबावे. भांडणाच्या किंवा पाठलागाच्या मध्यावर थांबले तर ताण शरीरात राहून जातो आणि रात्रीची झोप बिघडते. थांबल्यावर दोन ओळी टिपून ठेवाव्यात : कोण कोणाचे कोण, आणि गोष्ट कुठवर आली. ज्या दिवसांत नावे लक्षात राहत नाहीत, त्या दिवसांत या दोन ओळींचा फार आधार होतो. ऐकू स्वच्छ येत असले तरी पडद्याखालची अक्षरे चालू ठेवावीत, कारण थकलेल्या मनाला कान आणि डोळे दोघांचीही मदत लागते.

डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ एक सोपा नियम सांगतात : दर २० मिनिटांनी, निदान २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे. आमवातावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसारख्या औषधासाठी तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळोवेळी करून घ्यावीच लागते, तेव्हा डोळ्यांची हयगय आपल्याला परवडणारी नाही. दादासाहेब फाळके चित्रपट करण्याच्या ध्यासाने रोज चार-पाच तास पडद्यासमोर बसत आणि झोप जेमतेम तीन तास घेत. त्यात त्यांची दृष्टी इतकी गेली की उपचार घेऊन, तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत मिळवावी लागली. तो ध्यास थोर होता, पण आपण त्यांच्या डोळ्यांपासून धडा घ्यावा.

या २० सेकंदांसाठी म्हणून मी खिडकीकडे पाहू लागले, आणि निसर्ग माझ्याकडे परत आला तो असा.

चौथी पायरी : खिडकीतले नवल

पडदा थांबवून मी समोरच्या लिंबाकडे पाहत होते. मग नजर जवळ आली आणि खिडकीच्या गजावर, उजव्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढा ओल्या मातीचा ठिपका दिसला. थोड्या वेळाने बारीक कमरेची एक माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन आली आणि ती गोळी त्या ठिपक्याच्या कडेला थापू लागली. ही कुंभारीण माशी. त्या सकाळी चित्रपट पुढे सरकलाच नाही. चिखल आणायचा, पुढच्या पायांनी आणि जबड्याने तो पातळ पसरायचा, पुन्हा जायचे. दुपारपर्यंत सुपारीएवढे गोल मडके तयार झाले आणि त्याला खरोखरीच्या मडक्यासारखा बाहेर वळलेला काठ होता. मग ती आत एक अंडे घालते. ते बारीक धाग्याने मडक्याच्या छताला लोंबते. त्यानंतर ती हिरव्या अळ्या आणते. त्यांना डंख मारून निश्चल केलेले असते, पण मारलेले नसते, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पिलाला ताजे अन्न मिळते. शेवटी तोंड लिंपून ती निघून जाते आणि पुन्हा वळून येत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंनी विचारले, “काकू, गांधीलमाशीने घर केलंय खिडकीवर, पाडून टाकू का?” मी म्हटले, “राहू द्या, तिचे काम अजून चालले आहे.” काही आठवड्यांनी मडक्याच्या बाजूला एक गोल भोक दिसले. आतले जनावर केव्हा उडून गेले, ते मला कळले नाही. ही माशी आपण छेडल्याशिवाय डंख मारायला सहसा येत नाही. तरी ज्यांना माश्यांच्या डंखाची ॲलर्जी आहे, त्यांनी काच लावूनच पाहावे.

खिडकीतून पाहण्यासाठी फार सामान लागत नाही. वाचायचे मोठे भिंग आणि हलकी दुर्बीण या दोन वस्तू पुरेत. दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि तळहातात मावणारी घ्यावी. मोठ्या दुर्बिणीत चित्र अधिक उजळ दिसते हे खरे, पण सुजलेल्या मनगटांना ती दोन मिनिटेही पेलत नाही. कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून पाहिले की हात कापत नाही. गळ्यात अडकवायचा पट्टा मानेवर भार टाकतो, म्हणून तो एका खांद्यावरून छातीवर तिरका घ्यावा.

ज्यांच्या खिडकीबाहेर वड आहे ते भाग्यवान, आणि वडावरूनच ज्याचे नाव पडले त्या या गावात असे भाग्यवान अजून बरेच आहेत. वडाला लाल फळे लागली की तांबट, मैना, कोकिळा यांची दिवसभर वर्दळ असते. रात्री वटवाघळे येतात. पण खरे नवल फळाच्या पोटात आहे. एक फळ सुरीने मधोमध कापून भिंगाखाली धरावे. आपण ज्याला फळ म्हणतो तो एक बंद गाभारा असतो आणि त्याच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुले लगडलेली असतात. वड फुललेला आपल्याला कधी दिसत नाही, कारण तो आतल्या आत फुलतो. चिलटाहून लहान अशा एका गांधीलमाशीची मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद वाटेने आत शिरते. ती वाट इतकी चिंचोळी असते की शिरताना तिचे पंख बहुधा तुटून जातात. आत ती अंडी घालते, सोबत आणलेला पराग फुलांना देते आणि तिथेच मरते. पुढे अंड्यांतून निघणाऱ्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेर पडायचे भुयार पोखरतात आणि त्यांचा सारा जन्म त्या एका फळात संपतो. माद्या पराग घेऊन उडतात, दुसरा वड शोधायला. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला उंबऱ्याबाहेर पडून पंधरा दिवस झाले होते, आणि त्या दिवशी घर लहान वाटले नाही.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्यांच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, त्यांनी खाली पडलेली फळे आणि कुंडीतली माती हातमोजे घालून हाताळावी, आणि कबुतरांची किंवा वटवाघळांची विष्ठा साचलेल्या जागेपासून दूर राहावे. तिच्यातून फुप्फुसांचे आजार होऊ शकतात. खिडकीखालचा कबुतरांचा कोपरा दुसऱ्या कोणीतरी, आधी पाण्याने भिजवून आणि तोंडाला मास्क लावून स्वच्छ करावा.

पाचवी पायरी : चित्रपटगृहात जाणे

मोठ्या पडद्याची जागा घरचा पडदा घेत नाही, म्हणून वर्षातून तीन-चार वेळा मी जातेच. कामाच्या दिवशी दुपारचा खेळ निवडावा, कारण गर्दी कमी असते आणि वहीतल्या बऱ्या तासांतच घरी परतता येते. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत : लिफ्ट चालू आहे का, आणि पायऱ्या न चढता पोचता येईल अशी रांग कोणती. एकदा हे न विचारता गेले आणि बंद लिफ्टसमोर उभी राहून परत आले. चित्रपटापेक्षा त्या परतीनेच जास्त थकले. खुर्ची वाटेच्या कडेची घ्यावी, म्हणजे पाय लांब करता येतात आणि कोणाला न उठवता उभे राहता येते. वातानुकूलनाच्या गारठ्याने सांधे आखडतात, तेव्हा शाल आणि पायमोजे मे महिन्यातही न्यावेत. स्वच्छतागृहाची गर्दी टाळायला मध्यंतराच्या पाच मिनिटे आधी उठावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखरेची पुडी पिशवीत खोल न ठेवता हाताशी ठेवावी. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नये.

सलाइनमधून औषध घ्यायला रुग्णालयात दोन-तीन तास पडून राहावे लागते, तो वेळही चित्रपटाचा होऊ शकतो. आदल्या रात्रीच चित्रपट फोनमध्ये उतरवून घ्यावा, आणि एक हात सुईत अडकलेला असतो म्हणून स्टँड बरोबर न्यावा.

सहावी पायरी : बाहेर पडणे, एका वेळी एकाच गोष्टीसाठी

१८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी वसवलेली कमाटीबाग फार मोठी आहे आणि ती सगळी पाहायचा मोह आवरलाच पाहिजे. मी घरून निघताना एकच गोष्ट ठरवते. एका फेरीत वस्तुसंग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा प्राणी समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या गावात येऊन राहिला आहे. त्याच्या बरगड्यांपाशी वीस मिनिटे बसून राहावे. त्याच्या पुढच्या पंखातली हाडे नीट पाहावीत. मासा म्हणतो त्या या प्राण्याच्या पंखात आपल्यासारखी बोटे आहेत. माझी वाकडी झालेली बोटे त्या हाडांशी ताडून पाहत मी कितीतरी वेळ बसले होते. बाकीची दालने पुढच्या फेरीला. जाण्यापूर्वी वेळा आणि चाकाच्या खुर्चीची सोय फोनवर विचारून घ्यावी, आणि रिक्षा सर्वांत जवळच्या दारापर्यंत न्यावी.

दुसऱ्या फेरीत विश्वामित्रीतल्या मगरी. भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात, अशी शहरे जगात फार थोडी. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन चांगले वर आल्यावर काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून दुर्बिणीने काठ न्याहाळावा. मगरीचे रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे गार-गरम होते. म्हणून थंडीत ती सकाळी काठावर येऊन उन्हात निश्चल पडते आणि अंग तापल्यावरच हालते. दहाच्या आत माझे सांधेही हलत नाहीत, त्यामुळे आमची वेळ नेमकी जुळते. काठावर मात्र कधीही उतरू नये, आणि पावसाळ्यात नदीला पूर असताना तर तिकडे फिरकूच नये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. काही औषधांमुळे त्वचेला ऊन सोसत नाही, तेव्हा टोपी आणि लांब बाह्या हव्यातच.

वर्षातून एकदा, प्रकृती चांगली असेल तर, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गाडीने जावे. बडोदे संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पक्षी हिवाळ्यात तिथे दिसतात. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ते ओळखावेत. दोन्ही बाजूंचा प्रवास धरून अर्धा दिवस जातो, म्हणून पुढचे दोन दिवस रिकामे ठेवावेत.

सातवी पायरी : स्वतःची चित्रफीत

या दोन आवडींची सांगड फाळक्यांनीही घातली होती, आणि छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी आपल्या बडोद्याच्या कलाभवनात घेतले होते, याचा मला अभिमान वाटतो. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे टिपून ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फीत तयार केली. ती दाखवून त्यांनी मोठ्या चित्रपटासाठी भांडवल मिळवले. हे काम अंथरुणावरूनही करता येते.

डिसेंबरमध्ये किराणा दुकानातले पांढरे वाटाणे मूठभर रात्री भिजत घालावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत आणि चार दाणे कुंडीत बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावेत. शेजारी एक काठी रोवून तिला सुतळी बांधावी. कुंडी आणि फोनचा स्टँड या दोन्हींच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात. ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण चौकट हलली की रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसते. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर दोन तासांनी एक, अशी दिवसाला पाच छायाचित्रे घ्यावीत. तीस दिवसांत दीडशे होतात. सेकंदाला दहा या वेगाने फोनमध्ये जोडली की पंधरा सेकंदांची फीत मिळते. पंधरा सेकंद थोडे वाटतात, पण तणावा, म्हणजे वेलाचा आधार पकडणारा तंतू, हवेत गोल फिरत आधार कसा शोधतो, ते त्यांत दिसते, आणि नुसत्या डोळ्यांनी ते कधीच दिसत नाही.

महिनाभर नेम धरवत नसेल तर एका संध्याकाळीही काम होते. गुलबक्षी चारच्या सुमारास उमलते, आणि कुंडीतले ब्रह्मकमळ पावसाळ्यात रात्री नऊ ते बारा या वेळात. फोन चार्जरला लावून टाइमलॅप्स चालू करावा आणि आपण झोपून जावे. पेरणे-पाणी घालणे घरच्यांवर सोपवायला संकोच करू नये. आमच्याकडे यजमान पाणी घालतात आणि छायाचित्रे मी घेते.

काही दिवस चुकतीलच. त्या दिवसांची छायाचित्रे नंतर दुसऱ्या रोपावरून घेऊन भरू नयेत, आणि कोणाला उठवून घ्यायलाही लावू नयेत. माझ्या पहिल्या फितीत दहावा, अकरावा आणि बारावा दिवस नाही, तेव्हा मी ताप येऊन पडले होते. तिथे रोप एकदम चार बोटे उंच होते आणि पुढच्याच चित्रात त्याचा पहिला तणावा सुतळीला दोन वेढे घालून बसलेला दिसतो.